छातीतील वेदनेची हृदयेतर कारणे : निदानाचा मार्ग आणि त्यातील अडचणी

बीजसंज्ञा : छातीतील वेदना, हृदयेतर कारणे, अन्ननलिका, अम्लप्रत्यावर्तन, बरगड्यांची कूर्चा, भीतीचा झटका, निदान

प्रस्तावना :

छातीतील वेदना माणसाला इतर कोणत्याही वेदनेपेक्षा अधिक घाबरविते. डोके दुखले किंवा पाय दुखला तर मनुष्य एक-दोन दिवस वाट पाहतो. छातीत कळ आली की मृत्यूची शंका मनाला चाटून जाते. असे असले तरी प्रत्यक्ष वागणुकीत दोन परस्परविरोधी प्रवृत्ती आढळून येतात. काही जण ‘गॅस झाला असेल’ असे म्हणून ओवा चावतात, सोडा पितात, छातीला बाम चोळतात आणि मोलाचे तास दवडतात. याउलट काही जणांचे हृदय निर्दोष असल्याचे तपासणीत स्पष्ट झालेले असूनही ते दर दोन-तीन महिन्यांनी नवा ई.सी.जी. काढून घेतात आणि एका डॉक्टरांकडून दुसऱ्या डॉक्टरांकडे फिरत राहतात. पहिल्या प्रवृत्तीमुळे प्राण धोक्यात येतात; दुसरीमुळे रुग्णाचे आयुष्य भीतीने व्यापले जाते व कुटुंबाचा पैसा खर्ची पडतो. या दोन्ही प्रवृत्तींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : छातीत होणारी वेदना हृदयाची नाही, हे कसे व किती खात्रीने ठरविता येते ?

अमेरिकेतील हृदयरोगविषयक संस्थांनी २०२१ मध्ये छातीतील वेदनेसंबंधी एकत्रित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत दिलेल्या माहितीनुसार त्या देशात दरवर्षी ६५ लाखांहून अधिक वेळा रुग्ण छातीतील वेदनेसाठी तातडीच्या विभागात येतात आणि त्यांपैकी सुमारे ५ टक्क्यांनाच हृदयाच्या रक्तपुरवठ्याचा तीव्र विकार असल्याचे आढळते. हा आकडा दिलासा देणारा असला तरी तो भारतीय रुग्णाला जसाच्या तसा लावणे धोक्याचे आहे. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासातील दक्षिण आशियाई रुग्णांविषयीचे विश्लेषण २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात हृदयविकाराचा पहिला झटका येण्याचे सरासरी वय दक्षिण आशियात ५३ वर्षे, तर इतर देशांत सुमारे ५९ वर्षे असल्याचे दिसून आले. ‘वय लहान आहे, हृदयाचे काही नसणार’ हा युक्तिवाद आपल्याकडे म्हणूनच लंगडा पडतो.

‘हृदयेतर’ या संज्ञेचे स्वरूप :

‘हृदयेतर छातीदुखी’ ही संज्ञा नकारात्मक आहे. ती आजार काय नाही हे सांगते. काय आहे हे सांगत नाही. एकाच संज्ञेखाली जठरातील आम्ल वर येण्यापासून बरगडीच्या कूर्चेच्या दाहापर्यंत, क्षयजन्य फुप्फुसावरणदाहापासून भीतीच्या झटक्यापर्यंत अत्यंत भिन्न विकार एकत्र येतात. त्यांतील काही क्षुल्लक असतात, तर काही हृदयविकाराइतकेच प्राणघातक असतात. हृदयेतर म्हणजे निरुपद्रवी, हे समीकरण चुकीचे आहे.

वरील मार्गदर्शक तत्त्वांनी आणखी एक महत्त्वाचा बदल सुचविला. पूर्वी हृदयविकाराच्या ठरावीक वर्णनात न बसणाऱ्या वेदनेला वैद्यकीय व्यवहारात ‘अप्रारूपिक’ म्हटले जाई. हा शब्द वापरू नये. त्याऐवजी वेदना ‘हृदयाची’, ‘कदाचित हृदयाची’ किंवा ‘हृदयेतर’ अशा तीन प्रकारांत मांडावी, अशी शिफारस करण्यात आली. ‘अप्रारूपिक’ हा शब्द ऐकणारे त्याचा अर्थ ‘हृदयाची नाही’ असाच घेत. स्त्रियांमध्ये व मधुमेही रुग्णांमध्ये छातीतील वेदनेसोबत किंवा तिच्याऐवजी धाप, मळमळ, जबड्यातील किंवा पाठीतील दुखणे, विलक्षण थकवा अशी लक्षणे असू शकतात. त्यांच्या बाबतीत या शब्दाने नुकसान होण्याचा संभव अधिक होता.

वेदनांचे असे वेगळेपण प्राचीन भारतीय वैद्यकालाही जाणवले होते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात हृच्छूल आणि पार्श्वशूल यांचा स्वतंत्र निर्देश आहे, तर माधवनिदानात अम्लपित्तावर स्वतंत्र प्रकरण आहे. पाश्चात्त्य वैद्यकात विल्यम हेबर्डन यांनी १७६८ मध्ये लंडनच्या वैद्यांच्या महाविद्यालयात वाचलेल्या व १७७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात चालताना, विशेषतः चढावर, छातीत येणारी व थांबताच नाहीशी होणारी वेदना प्रथमच नेमकेपणाने वर्णिली. श्रमाने येणे आणि विश्रांतीने जाणे हा त्यांनी टिपलेला गुणधर्म आजही रुग्णाला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत अग्रस्थानी आहे.

वेदनेचे स्थान फसवे का असते :

बोटाला काटा टोचला तर तो नेमका कोठे टोचला हे डोळे मिटूनही सांगता येते. अंतर्गत इंद्रियांच्या बाबतीत असे होत नाही. हृदयाकडून येणारे वेदनावाही मज्जातंतू मेरुरज्जूच्या वरच्या वक्षीय भागात शिरतात; अन्ननलिकेकडून येणारे बरेचसे तंतूही त्याच पातळीवर येतात आणि छातीची कातडी, स्नायू व हाताची आतली बाजू यांच्याकडील तंतूही तेथेच पोहोचतात. मेरुरज्जूतील एकाच चेतापेशीवर अशा निरनिराळ्या ठिकाणचे संदेश एकत्र येत असल्याने मेंदूला संदेश मिळतो, परंतु त्याचा उगम निश्चित करता येत नाही. हृदयविकारात डावा हात दुखतो तो याच कारणाने. हेन्री हेड यांनी १८९३ मध्ये अंतर्गत इंद्रियांच्या विकारांत कातडीच्या कोणत्या पट्ट्यांत वेदना जाणवते याचे नकाशे मांडले, तर जे. एच. केलग्रेन यांनी १९३८ च्या सुमारास स्नायूंमध्ये व कण्याच्या बंधांमध्ये खारे द्रावण टोचून तेथून बऱ्याच दूर अंतरावर वेदना निर्माण करता येते हे दाखविले.

तात्पर्य, हृदय व अन्ननलिका या दोन इंद्रियांच्या वेदना सारख्या वाटतात, यात रुग्णाची सांगण्यातील चूक नसते. ही अडचण शरीराच्या रचनेतच आहे.

रुग्णाची भाषा व वैद्याचे कान :

मराठीत छातीच्या दुखण्यासाठी जेवढे शब्द आहेत तेवढे निदानाला उपयोगीही आहेत. मात्र ते नीट ऐकून घ्यावे लागतात. ‘उसण भरली’ असे म्हणणारा रुग्ण बहुधा स्नायूंच्या अचानक आखडण्याविषयी बोलत असतो. ‘चमक मारते’ या वर्णनात क्षणिक व टोकदार वेदना अभिप्रेत असते. ‘उरात जळजळते’, ‘आंबट ढेकर येतात’ ही अन्ननलिकेची भाषा होय. ‘छाती भरून आली’, ‘कोणी दगड ठेवल्यासारखे वाटते’, ‘आवळल्यासारखे होते’ हे शब्द मात्र तात्काळ सावध करणारे आहेत. हृदयविकाराचा रुग्ण पुष्कळदा ‘दुखत नाही हो, नुसते जड वाटते’ असेही सांगतो. ‘छातीत दुखते का?’ एवढाच प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर ‘नाही’ असे येते आणि निदान हुकते.

‘दडपण’ या शब्दाची तर गंमतच आहे. छातीवरील भार आणि मनावरील ताण या दोन्हींसाठी मराठी माणूस तोच शब्द वापरतो. ‘छातीवर दडपण येते’ असे सांगणाऱ्या रुग्णाला नेमके काय म्हणायचे आहे, हे पुन्हा विचारल्याशिवाय कळत नाही.

वर्णनाचे महत्त्व किती, याचे मोजमापही झालेले आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात निरनिराळ्या लक्षणांची संभाव्यता-गुणोत्तरे एकत्र करण्यात आली. वेदना दोन्ही हातांत पसरत असल्यास हे गुणोत्तर सुमारे ४, केवळ डाव्या हातात पसरत असल्यास सुमारे २.३, तर छाती दाबल्यावर तीच वेदना उत्पन्न होत असल्यास सुमारे ०.३ आढळले. याचा व्यावहारिक अर्थ उदाहरणाने समजून घेता येईल. तपासणीपूर्वी ज्यांच्यात हृदयविकाराची शक्यता १० टक्के आहे अशा १०० व्यक्ती घेतल्या व त्या सर्वांची छाती दाबल्यावर दुखते असे मानले, तर ती शक्यता सुमारे ३ टक्क्यांपर्यंत उतरते. म्हणजेच शंभरांत तीन जण हृदयविकाराचे असूनही ‘दाबल्यावर दुखते, म्हणजे स्नायूचे आहे’ असे सांगून घरी पाठविले जातील. शंका कमी होते, नाहीशी होत नाही. एकाच लक्षणावर भिस्त ठेवून हृदय निर्दोष ठरविता येत नाही, ते यामुळेच.

निदानाचा क्रम :

हृदयेतर कारणाचा शोध हृदयापासूनच सुरू करावा लागतो. रुग्ण दाखल झाल्यापासून १० मिनिटांच्या आत ई.सी.जी. काढून तो जाणकाराने पाहावा, हा आता सर्वमान्य दंडक आहे. तथापि पहिला ई.सी.जी. निर्दोष असणे म्हणजे हृदय निर्दोष असणे नव्हे. वेदना चालू असल्यास तो पुन्हा काढावा लागतो. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यास रक्तात वाढणाऱ्या ट्रोपोनिन या प्रथिनाची तपासणीही काही अंतराने दोनदा करावी लागते. अतिसंवेदनशील पद्धतीत हे अंतर १ ते ३ तासांचे, तर जुन्या पद्धतीत ३ ते ६ तासांचे असते. वेदना सुरू होऊन तासही झालेला नसताना केलेली एकच तपासणी दाखवून रुग्णाला निश्चिंत करणे योग्य नाही.

नेदरलँड्समधील डॉक्टरांनी २००८ मध्ये मांडलेली गुणांकन-पद्धतीही येथे उपयोगी पडते. रुग्णाची हकीकत, ई.सी.जी., वय, धोक्याचे घटक आणि ट्रोपोनिन या पाच बाबींना प्रत्येकी ० ते २ गुण देऊन १० पैकी बेरीज केली जाते. ० ते ३ गुणांचा रुग्ण कमी जोखमीचा समजला जातो.

दोन समजुतींचा येथे स्वतंत्र उल्लेख आवश्यक आहे. जिभेखाली नायट्रोग्लिसरीनची गोळी ठेवल्यावर वेदना थांबली तर ती हृदयाचीच, ही पहिली समजूत. अमेरिकेत ४५९ रुग्णांवर करण्यात आलेल्या व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा सक्रिय विकार असलेल्यांपैकी ३५ टक्के, तर तसा विकार नसलेल्यांपैकी ४१ टक्के रुग्णांना या गोळीने आराम पडला. हे चमत्कारिक वाटले तरी त्यामागे कारण आहे. नायट्रोग्लिसरीन रक्तवाहिन्यांप्रमाणेच अन्ननलिकेचे स्नायूही सैल करते. आम्लविरोधी पातळ औषध घेतल्यावर बरे वाटले तर ते पित्तच, ही दुसरी समजूत; तीही तितकीच अविश्वसनीय आहे. हृदयविकाराची वेदनाही आपोआप कमी-जास्त होत असते आणि नेमक्या त्याच वेळी घेतलेल्या औषधाला श्रेय मिळते.

अँजिओग्राफीत मोठ्या रोहिण्या मोकळ्या दिसल्या म्हणजे वेदना हृदयेतर ठरली, असेही म्हणता येत नाही. हृदयातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा विकार किंवा रोहिणीचे तात्पुरते आकुंचन अँजिओग्राफीच्या चित्रात दिसत नाही. हृदयावरणाच्या दाहात रोहिण्या पूर्ण निरोगी असतात. मात्र वेदना उताणे झोपल्यावर वाढते व पुढे वाकून बसल्यावर कमी होते. या वेदना हृदयाच्याच होत.

हृदयाचे नाही, तरीही प्राणघातक :

हृदय बाजूला सारल्यानंतर लगेच सौम्य कारणांकडे वळू नये. प्रथम चार गोष्टी नाकारल्या गेल्या पाहिजेत. महारोहिणीची भित्ती आतून फाटल्यास अकस्मात, पहिल्या क्षणापासूनच असह्य आणि बहुधा पाठीकडे जाणारी वेदना होते. दोन्ही हातांतील रक्तदाबांत फरक आढळू शकतो. या विकाराला हृदयविकाराचा झटका समजून रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध दिले गेले तर ते घातक ठरू शकते. फुप्फुसातील रोहिणीत गुठळी अडकल्यास धाप व श्वासागणिक दुखणे ही लक्षणे दिसतात. नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, बाळंतपण, दीर्घकाळ अंथरुणाला खिळून राहणे किंवा एका पायाची सूज यांची चौकशी अशा वेळी करावी लागते. कमी जोखमीच्या रुग्णात डी-डायमर ही रक्ततपासणी निर्दोष आल्यास ही शंका बहुतांशी दूर होते. जोखीम अधिक असल्यास मात्र सी.टी. स्कॅनला पर्याय नाही. उंच, सडपातळ तरुणात, विशेषतः तो धूम्रपान करीत असल्यास, एकाएकी एका बाजूला दुखून दम लागला तर फुप्फुसाभोवती हवा शिरल्याची शंका घ्यावी लागते. छातीचा क्ष-किरण फोटो ती बहुधा स्पष्ट करतो. चौथा विकार विरळा आहे. जोराच्या उलटीनंतर अन्ननलिका फाटण्याच्या या घटनेचे वर्णन हर्मन बूरहावे यांनी १७२४ मध्ये केले. उलटी आधी, वेदना नंतर आणि मानेच्या कातडीखाली हवेची करकर, या खुणा आढळल्यास एक क्षणही दवडता येत नाही.

भारतात यांच्या जोडीला क्षयजन्य फुप्फुसावरणदाह नेहमी लक्षात ठेवावा लागतो. त्यात खोल श्वास घेताना व खोकताना एका कुशीत टोचते, सायंकाळी कणकण येते, वजन उतरते. फुप्फुसाच्या दोन आवरणांमध्ये पाणी साचू लागले की ती एकमेकांवर घासणे बंद होते आणि वेदना कमी होते. रुग्णाला आजार बरा होत असल्याचा भास होतो आणि नंतर दम लागू लागतो. पाठीवर बोटाने ठोकून येणारा बद्द आवाज, क्ष-किरण फोटो आणि काढलेल्या पाण्याची तपासणी यांवरून निदान होते.

अन्ननलिका :

हृदयेतर कारणांमध्ये अन्ननलिकेचा वाटा मोठा आहे आणि त्यातही जठरातील आम्ल वर येणे, म्हणजे अम्लप्रत्यावर्तन, हे सर्वांत प्रमुख कारण आहे. अन्ननलिका व जठर यांच्या सांध्यावरील झडपेसारखा स्नायू सैल पडला की आम्ल वर येते. रात्री उशिरा पोटभर जेवून लगेच आडवे होणे, स्थूलता, तंबाखू व मद्य यांमुळे हे वाढते. जेवणानंतर, वाकल्यावर किंवा झोपल्यावर येणारी आणि पहाटे जागे करणारी वेदना याकडे निर्देश करते. मात्र जेवणानंतर चालू लागल्यावर येणारी वेदना हृदयाचीही असू शकते. ‘जेवणानंतर’ या शब्दावर न थांबता जेवणानंतर बसून राहिल्यास ती येते का, हा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.

ज्यांना जळजळ अजिबात होत नाही अशांतही आम्लामुळे छातीत दुखू शकते, ही गोष्ट निदान अवघड करते. १९५८ मध्ये लायोनेल बर्नस्टाइन व लाइल बेकर यांनी नाकातून घातलेल्या नळीवाटे अन्ननलिकेत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने सोडून रुग्णाला त्याची नेहमीची वेदना होते का, हे पाहण्याची चाचणी मांडली. ती आज फारशी वापरात नाही. परंतु ‘ही तुमची नेहमीचीच वेदना आहे का?’ हा तिच्यातील प्रश्न संपूर्ण विषयाचा गाभा आहे.

आज व्यवहारात प्रथम आम्लनिर्मिती रोखणारे औषध काही काळ जास्त मात्रेत देऊन वेदना कमी होते का, हे पाहिले जाते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ओमेप्राझोल सकाळी ४० व सायंकाळी २० मिलिग्रॅम याप्रमाणे ७ दिवस देऊन ही पद्धत तपासण्यात आली. त्यानंतरच्या अशा अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात या चाचणीची संवेदनक्षमता ८० टक्के आणि विशिष्टता ७४ टक्के असल्याचे २००५ मध्ये मांडले गेले. म्हणजे आम्लाचा विकार असलेल्या पाचांपैकी एकाला ती हुकविते आणि विकार नसलेल्या चारांपैकी सुमारे एकाला चुकीने लेबल लावते. स्वस्त व सोपी म्हणून ती योग्य आहे. परंतु हृदयाची तपासणी टाळण्यासाठी तिचा उपयोग करणे सर्वथा गैर होय. औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या घेणारा रुग्ण नकळत हेच करीत असतो.

गिळताना अडकणे, वजन उतरणे, रक्ताची उलटी, काळी शौचास होणे किंवा रक्तक्षय यांपैकी काहीही असल्यास औषधाची चाचणी न करता आधी दुर्बिणीने तपासणी करावी लागते. अनेक रुग्णांत दुर्बिणीत काहीच आढळत नाही. अशांसाठी अन्ननलिकेतील आम्लता २४ तास मोजण्याची सोय आहे. २०१८ च्या ल्योन येथील तज्ज्ञ-सहमतीनुसार अन्ननलिका ६ टक्क्यांहून अधिक काळ आम्लाच्या संपर्कात असल्यास विकार निश्चित मानला जातो व ४ टक्क्यांहून कमी काळ असल्यास तो नाही असे समजले जाते. मधली पट्टी अनिर्णीत राहते. या तपासणीचा दुसरा लाभ असा, की वेदना झाली त्या क्षणी रुग्णाने बटण दाबले असेल तर त्याच वेळी आम्ल वर आले होते का, हे ताडून पाहता येते. अन्ननलिकेच्या स्नायूंच्या अनियमित वा अतिजोरदार आकुंचनांमुळेही छातीत दुखते. त्यासाठी आतील दाब मोजणारी तपासणी करतात. ही साधने मोठ्या शहरांबाहेर क्वचितच उपलब्ध असतात. तालुक्याच्या ठिकाणी निदान औषधाच्या चाचणीवरच थांबते, ही वस्तुस्थिती आहे.

एक साधे कारण मात्र कोठेही, केवळ विचारपूस करून, शोधता येते. डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी घोटभर पाण्याबरोबर घेऊन लगेच झोपल्यास ती अन्ननलिकेत चिकटून व्रण करते आणि दुसऱ्या दिवशी गिळताना छातीत तीव्र वेदना होते.

छातीची भिंत :

प्राथमिक उपचाराच्या पातळीवर छातीतील वेदनेचे सर्वाधिक आढळणारे कारण बरगड्या, त्यांच्या कूर्चा व त्यांवरील स्नायू हेच असते. बरगड्यांच्या कूर्चेच्या दाहात सामान्यतः दुसऱ्या ते पाचव्या बरगडीच्या उरोस्थीजवळील सांध्यांवर दाबल्यावर दुखते, सूज नसते. अलेक्झांडर टीट्झे या जर्मन शल्यचिकित्सकांनी १९२१ मध्ये वर्णिलेल्या विकारात मात्र बहुधा दुसऱ्या वा तिसऱ्या बरगडीवर, एकाच जागी, दिसणारी सूज असते.

तपासणारा जोराने दाबू लागला तर कोणाचीही छाती दुखेल. म्हणून दाबल्यावर दुखते का, यापेक्षा दाबल्यावर होणारी वेदना रुग्ण ज्यासाठी आला तीच आहे का, हे महत्त्वाचे. त्याच्या जोडीला मागील काही दिवसांतील श्रमांची विचारपूस करावी. पोती उचलणे, घराची साफसफाई, सवय नसताना सुरू केलेला व्यायाम, आठवडे-दोन आठवडे टिकलेला खोकला यांपैकी काहीतरी पुष्कळदा सापडते. खालच्या बरगडीची मोकळी कड घसरत असल्यास बोटे तिच्याखाली अडकवून वर ओढल्यावर तीच वेदना व कधी ‘कट्‌’ असा आवाज येतो. किशोरवयीन मुलांत बसल्या बसल्या डाव्या बाजूस सुईसारखे टोचून श्वास अडखळतो व काही सेकंदांत किंवा एक-दोन मिनिटांत सर्व थांबते. या निरुपद्रवी प्रकाराचे वर्णन मिलर व टेक्सिडोर यांनी १९५५ मध्ये केले. पालकांना त्याची माहिती असल्यास बरीच धावपळ वाचेल.

नागीण या विकाराची सुरुवातही छातीदुखीने होऊ शकते. पुरळ उठण्यापूर्वी दोन-तीन दिवस छातीच्या एका बाजूस आग होते, कपड्याचा स्पर्शही सहन होत नाही आणि ई.सी.जी. निर्दोष असतो. पुरळ एकाच मज्जातंतूच्या पट्ट्यात, शरीराच्या मध्यरेषेशी थांबणारे असते. नागिणीचे तोंड व शेपूट जुळले की रोगी दगावतो, या ग्रामीण समजुतीला त्यामुळे आधार नाही. विषाणुरोधी औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू करणे हितावह असते. मांत्रिकाकडे जाणारा वेळ नेमका याच तासांतून वजा होतो.

वृद्ध स्त्रियांत ठिसूळ झालेला मणका दबल्याने कमरपट्ट्यासारखी पुढे येणारी वेदना आणि पित्ताशयातील खड्यांमुळे उरोस्थीच्या खालच्या टोकापाशी येणारी कळ, हीही कारणे ध्यानात ठेवावी लागतात.

मन आणि छाती :

अमेरिकन यादवी युद्धातील सैनिकांमध्ये छातीत दुखणे, धडधड व धाप यांचा समूह आढळून येई, परंतु हृदयात दोष सापडत नसे. जेकब द कोस्टा यांनी १८७१ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. आज अशा रुग्णांपैकी अनेकांना भीतीच्या झटक्यांचा विकार असल्याचे निदान होते. त्यात लक्षणे काही मिनिटांतच शिगेला पोहोचतात. जलद श्वासामुळे ओठांभोवती व बोटांत मुंग्या येतात. आपण मरणार किंवा वेडे होणार असे वाटते. माँट्रियल येथील हृदयोपचार केंद्राच्या तातडीच्या विभागात ४४१ रुग्णांचा अभ्यास करण्यात आला व तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २५ टक्के रुग्णांना हा विकार होता आणि त्यांपैकी ९८ टक्क्यांचे निदान तेथील हृदयरोगतज्ज्ञांकडून झाले नव्हते. त्याच अभ्यासातील दुसरा आकडाही तेवढाच बोलका आहे : या विकाराच्या रुग्णांपैकी ४४ टक्क्यांना पूर्वीपासून हृदयाच्या रक्तवाहिन्यांचाही विकार होता. ‘हे मनाचे आहे’ असे म्हटल्याने ‘हे हृदयाचे नाही’ हे आपोआप सिद्ध होत नाही. दोन्ही एकाच छातीत नांदू शकतात.

तपासण्या निर्दोष आल्यावर ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगण्याची रीत सर्वत्र आहे. हे वाक्य सद्‌हेतूने उच्चारले जात असले तरी रुग्णाच्या दृष्टीने ते खोटे असते, कारण त्याला वेदना होत असते. कारणाला नाव मिळाले नाही तर तो ते अन्यत्र शोधतो, पुन्हा तपासण्या करून घेतो आणि घरच्यांच्या लेखी ढोंगी ठरतो. कूर्चेचा दाह असो की भीतीचा झटका, त्या विकाराचे नाव, तो कसा घडतो आणि कोणते लक्षण दिसल्यास थेट १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, या तीन गोष्टी सांगणे हा निदानाचाच भाग मानला पाहिजे.

सर्व तपासण्यांनंतरही काही रुग्णांत कोणतेच कारण सापडत नाही. २०१६ च्या रोम निकषांनुसार वेदना किमान सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेली, मागील तीन महिने आठवड्यातून निदान एकदा होणारी आणि हृदय, आम्ल व अन्ननलिकेच्या आकुंचनाचे मोठे विकार यांनी स्पष्ट न होणारी असल्यास तिला कार्यात्मक छातीदुखी म्हणतात. अन्ननलिकेत लहान फुगा फुगविण्याच्या प्रयोगांत अशा अनेक रुग्णांना निरोगी व्यक्तींपेक्षा कमी ताणावरच वेदना जाणवते. दोष इंद्रियात नसून वेदनेची जाणीव होण्याच्या उंबरठ्यात असतो. अमेरिकेत अँजिओग्राफी निर्दोष असलेल्या ६० रुग्णांवर करण्यात आलेल्या व १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात इमिप्रामीन हे मुळात नैराश्यावरील औषध रात्री ५० मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेत दिल्यावर वेदनेचे प्रसंग सरासरी ५२ टक्क्यांनी घटले. रुग्णाला मानसिक विकार होता की नव्हता, यावर हा लाभ अवलंबून असल्याचे आढळले नाही.